दहिवरातला कापूस अन् भुरी मांजर

गिरजा,

मांजर मुतली असती तर कापूस वरून ओला झाला असता, खालून कसा होईन, असं तू त्या दिवशी म्हणाली होती. मी म्हटलं, तू मले शिकवू नको. आपलं ते भांडण तिथंच राहिलं. तू गेली त्याले आज सोळा दिवस झाले. लोक येतात, ओसरीवर बसतात, तुझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगतात. मी मान हलवतो. पण डोक्यात फिरते ते हेच भांडण.

मले थोडं लिहिता येते. देवळातल्या पंतोजीनं दोन पावसाळे धुळाक्षरं घोटून घेतली होती, तेवढीच पुंजी. तुले तर वाचताही येत नव्हतं. तरी लिहून राहिलो, काहून की तोंडानं बोलायले बसलो तर मी पुन्हा दुसरंच काहीतरी बोलीन. मले माझं माहीत आहे.

भुरी तुझ्या माहेरची. तुझी माय गेली त्या साली मी तुले आणायले अकोल्याकडे आलो होतो. तू बंडीत बसली ती मांडीवर झाकलेली टोपली घेऊन. मले वाटलं भावानं शिदोरी दिली. झाकण उचललं तर आतून राखेच्या रंगाचं एक तोंड माझ्यावर फिस्कारलं.

"भावानं लुगडं नाई देल्लं का?" मी विचारलं.

"देत होता. मी म्हटलं, मायच्या मांजरीचं पिल्लू दे."

"लुगडं सोडून मांजर?"

"लुगडं फाटते."

"मांजर मरते."

"मरन तवा पाहू. आता बंडी हाका."

तीन मुक्कामांचा रस्ता. मी तीनही दिवस तुझ्या टोपलीवर हसलो. तू मात्र प्रत्येक मुक्कामाले आधी तिले दूध पाजलं, मग मले भाकर वाढली. तुझी माय गेली तेव्हा तू माझ्यासमोर रडली नाही. त्या पिल्लाच्या अंगावर हात फिरवत बसायची, तेवढंच. ते रडणंच होतं, हे मले आता समजते.

शेरूले कोणी आणलं नव्हतं. तो आपला आपणच आला. एकदा भातकुलीच्या बाजारातून येताना एक पिवळं कुत्रं बंडीखालच्या सावलीत चालायले लागलं अन् ते घर येईपर्यंत चाललंच. मी दगड मारला तर त्यानं तो हुंगून पाहिला. तू म्हणाली, "ज्याले दगड अन् भाकर सारखीच, त्याले काय हाकलता?" मग मी कुठंही निघालो की शेरू बंडीखाली असायचाच. बैलांचे पाय, चाकाचा आवाज अन् त्याची लपलप जीभ, असा आमचा चौघांचा प्रवास.

मग ते कापसाचं साल आलं. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेले जाईना, अन् साऱ्या दुनियेची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. अमरावतीच्या बाजारात सकाळचा भाव संध्याकाळी शिळा. लोक येडे झाले. कोणी बैलांच्या शिंगांले चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी ज्वारीचं वावर मोडून कापसाची पऱ्हाटी लावली. मीही येडा झालो. नाही कशाले म्हणू.

वेचणी ऊन चढल्यावर करायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालेही माहीत असते. सकाळी बोंडावर दहिवर असते. तसाच ओला कापूस गंजीत गेला की तो आतल्या आत गरम होते, पिवळा पडते, आंबूस वास मारते. पण मले घाई. आज येचला तर आजचा भाव, उद्याचा कोणी पाहिला. मी बायांले उजाडायच्या आधीच वावरात उभं केलं. तू वावराच्या कडेले, धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

"बायायले थांबवा," तू म्हणाली. "पदर वले होऊन राहिले त्यायचे. कापूस तर आनखीनच."

"वला कापूस वजनात भरते."

"अन् पापात बी भरते."

बाया हसल्या. मले तुझा नाही, त्या हसण्याचा राग आला. म्हटलं, "तू घरी जा, चुलीकडे पाह्य." तू गेली. तुझ्या लुगड्याचा काठ दहिवरानं भिजून पायांले चिकटला होता, तो अजून दिसते मले.

तरी त्या साली घरात जी मजा होती ती पुन्हा कधी आली नाही, हेही खरं. भाव आणखी चढन म्हणून मी सारं माजघर कापसानं भरलं. आड्यापर्यंत. चूल ओसरीवर आली, आपण दोघं अंगणात आलो. भाजीत कापूस, पाण्यात कापूस, तुझ्या शिंका तर साऱ्या गल्लीले ऐकू जायच्या. एका दुपारी मी म्हटलं, चढ बरं गंजीवर. नातवंडं झालेली बाई तू, पदर खोचून चढली अन् कंबरेपर्यंत आत गेली. हसून हसून तुले ठसका लागला. मी हात दिला तर तू मलेच आत ओढलं. आपण दोघं बुढे त्या कापसात पडून छताकडे पाहत होतो. तुझ्या केसात, भुवयांत सारीकडे कापूस. तू म्हणाली, "लगनात पन असं नवतं झोपाले."  मले बोलायचं होतं, पण आपल्याले कुठं येते तसलं बोलता.

भुरीनं त्याच गंजीच्या माथ्यावर पिल्लं दिली. तीन. तू म्हणाली, राणीले बी अशी बाज भेटत नसन. तू रोज वर हात करून तिले दुधाची वाटी द्यायची. ती मलेही जवळ येऊ द्यायची तेव्हा. मी हात पुढं केला की माझ्या बोटाले आपली मान घासायची, पिल्लं तशीच उघडी टाकून. येवढा भरवसा होता तिचा माझ्यावर.

पिल्लांचे डोळे उघडले त्या सुमाराले माजघरात आंबूस वास यायले लागला. मी कोपरापर्यंत हात घातला. ओलं, कोमट, अन् बाहेर काढलं तर हळदीसारखं पिवळं.  मले तेव्हाच समजलं होतं का? थोडं समजलं असन. पण समोर मांजर होती, अन् मांजरीवर ढकलणं सोपं होतं.

"तुह्या मांजरीनं मुतून ठेवलं," मी ओरडलो.

तेव्हाच तू ते खालून-वरूनचं म्हणाली. हळूच म्हणाली, वाटी घासता घासता. अन् मी म्हटलं, तू मले शिकवू नको.

दुसऱ्या दिवशी बंडी भरली. तू नाल्यावर धुणं घेऊन गेली होती. मी भुरीले हाक मारली. ती गंजीवरून उतरून आली, शेपूट वर करून, कारण मी तिले कधी वाईट हाक मारली नव्हती. मी तिले पोत्यात घातलं, तोंड सुतळीनं बांधलं अन् पायाशी ठेवलं. मांजर परत येऊ नये म्हणून लोक पोतं तीनदा फिरवतात, तसं मी फिरवलंही. हे सारं मी शांतपणे केलं. रागात केलं असतं तर आज इतकं लागलं नसतं.

शेरूले समजलं. तो बंडीखाली जाईना. पोत्यापाशी उड्या मारून भुंकायले लागला. जिच्यासंग रोज भाकरीच्या तुकड्यावरून भांडायचा तिच्यासाठी भुंकत होता. मी त्याले चाबूक मारला. एकदा नाही, दोनदा. तो केकाटत मागं सरला, अन् मग लंगडत लंगडत बंडीखाली येऊन चालायले लागला.

अमरावतीचा बाजार जवळ आला तिथं मी पोतं सोडलं. भुरी बाहेर आली, अंग झटकलं, माझ्याकडे पाहिलं. मांजर कशी पाहते तसंच. तिच्या नजरेत काही शिव्याशाप नव्हते, लोक असं काही उगाच जोडून सांगतात. तिले वाटलं असन आता हा परत उचलीन. मी बंडी हाकली. ती दुसऱ्या बंड्यांच्या चाकांमागं दिसेनाशी झाली.

बाजारात अडत्याच्या माणसानं बाही वर केली अन् माझ्या बंडीत काखेपर्यंत हात घातला. मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली, अन् ती साऱ्या लोकांले दाखवली.

"बुढेबा, हा दहिवरातला माल हाय. आतून पेटून राहिला."

"मांजर मुतली," मी म्हटलं.

"मांजर?" त्यानं दुसऱ्या अंगानं हात घातला, तिथंही पिवळाच. "किती मांजरी पाळल्या बुढेबा? इथं तर हत्ती मुतून गेलेला दिसते."

आजूबाजूचे गाडीवान पोट धरून हसले. एकजण म्हणाला, मांजरीचं नाव सांगा, तिले वेचणीवर लावतो. मी तिथं उभा होतो अन् मले त्यांचं हसू ऐकूच येत नव्हतं. मले दिसत होतं पोतं. अडत्याच्या माणसांनी चांगला माल वेगळा काढून घेतला, नासका बंडीतच राहू दिला. मी बैल सोडले अन् भुरीले धुंडायले लागलो.

सारी दुपार धुंडलं. प्रत्येक बंडीखाली वाकून पाहिलं. भुरे, भुरे. शेरू माझ्या मागं मागं, जिथं मी वाकलो तिथं तो वाकला. पाठीवर चाबकाचे वळ होते त्याच्या. मी एका गंजीच्या आडोशाले खाली बसलो तेव्हा तो आला अन् माझ्या गुडघ्यावर तोंड ठेवून बसला. मी माफी मागायची त्यानं वाटही पाहिली नाही. मले त्याच्यापुढं लाज वाटली. माणसानं इतक्या लवकर माफ केलं असतं तर मी त्याले मूर्ख म्हटलं असतं.

घरी आलो तर तू दारातच होती.

"भुरी दिसत नाई. पिल्लं कोकलून राहिली."

"गेली असन कुठं," मी म्हटलं. "मांजराचा काय भरवसा."

हे मी बोललो, गिरजा. भरवसा हाच शब्द वापरला.

तू आत गेली, चांगल्या कापसाची वात वळली, ती दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडात धरली. दिवसातून दहा वेळा. पहिलं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं त्याच्या पाठोपाठ. दोन्ही तू परसात पेरूच्या झाडाखाली पुरली. मी खड्डा खणून दिला. तिसरं जगलं, ते वात चोखून जगलं म्हणून तू त्याचं नाव वाती ठेवलं. मी सांगणार होतो तुले. पहिलं पिल्लू मेलं तेव्हा सांगणार होतो, मग दुसरं मेलं अन् ते आणखी जड झालं.

नासक्या कापसाचं काय करायचं, तर करीम पिंजारी आला अन् म्हणाला, वास उडून जाईन, उन्हात घाला, मी पिंजून देतो. त्यानं त्याच कापसाची गादी भरून दिली. आपण त्या गादीवर इतकी वर्षं झोपलो. तू कधी कुरकुर केली नाही. उन्हाळ्यात तिले थोडा वास यायचा, तेव्हा कूस बदलायची फक्त.

भुरी महिन्याभरानं आली. एक कान फाटका, बरगड्या मोजून घ्या अशा. दिवसा, भर उन्हात, कुंपणावरून. मी ओसरीवर दोर वळत होतो. मी इतक्या घाईनं उठलो की ती परत कुंपणावर. तू आतून आली तर तुझ्या पायांत शिरली अन् कशी घुरघुरली. वाती तिच्यापाशी गेली तर आधी भुरीनं तिले ओळखलंच नाही, फिस्कारली. मग हुंगलं, मग चाटलं.

माझ्याकडे मात्र ती फिरकेना. मी दूध दिलं, खाली ठेवून मी दूर गेल्याशिवाय तोंड लावेना. एकदा तर मी मासळी आणली. आपल्या घरात, माळ घातलेला मी. तू नाकाले पदर लावून म्हणाली, "मांजरासाठी बुढा बाटला." पण मासळीही तिनं तुझ्याच हातची खाल्ली. मी चिडलो. म्हटलं, येवढं काय केलं मी हिचं?

तू माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तिच्या मांगं नोका लागू. एका जागी बसा. हात खाली ठेवा. बोलावू नोका. तिले याचं असन तवा येईन."

"अन् नाई आली तर?"

"नाई आली तर बसलेले असाल. तुमचं काय जाते?"

मी बसलो. रोज दिवस कलताना, ओसरीच्या कडेले, तळहात जमिनीवर टाकून. शेरूले वाटायचं हात त्याच्यासाठीच आहे, तो येऊन त्यावर डोकं ठेवायचा अन् तू त्याले हाकलायची. भुरी आधी खांबापाशी बसली. पुढच्या महिन्यात खांबाच्या अलीकडे. पाऊस लागला, संपला, तूर फुलावर आली, तेव्हा कुठं एक दिवस तिनं माझ्या बोटांचा वास घेतला अन् निघून गेली. मी तुले हाक मारून सांगितलं. तू ज्वारी पाखडत होती, सूप खाली ठेवून हसली. ते हसू मले दाखवता येत नाही इथं. माझ्या हाताले लिहायले येते ते मोजकंच.

वर्षानं ती माझ्या पायाशी झोपायले लागली. पण मी पोतं हातात घेतलं की ती अंगणात दिसायची नाही, ते शेवटपर्यंत. मले वाटायचं मग ही माफी कसली. तू म्हणाली, "माफ केलं म्हून का डोळे फोडून घ्याचे?" तेव्हा मले वाटलं तू मांजरीचंच बोलत आहे.

ती वर्षं चांगली गेली. लढाई सरली, कापूस पडला, चांदीच्या शेंब्या लोकांनी उतरवल्या. आपलं माजघर रिकामं झालं अन् चूल आत गेली. बडनेऱ्याले आगगाडी आली तेव्हा आपण बंडीनं पाहायले गेलो. शेरू इंजिनावर भुंकला अन् इंजिननं शिट्टी मारली तसा तुझ्या लुगड्यात घुसला. परतीच्या वाटेवर तू साऱ्या रस्ताभर त्याले चिडवलं. शेरू गेला, मग भुरी गेली. तिले तू पेरूखालीच पुरली, पिल्लांपाशी. मी तिथं उभा होतो, तू मातीवर हात फिरवत होती. तेव्हाही सांगता आलं असतं.

अन् शेवटच्या दुपारी. ताप उतरत नव्हता, पण बोलणं साफ होतं तुझं. तू म्हणाली, "तुमचं मले काई सांगाचं रायलं का?"

मी म्हटलं, "काय सांगाचं? पेज पी."

तू पेज पिली. दोन घोट.

काल तुझी गादी बाहेर काढली. मेलेल्या माणसाची गादी घरात ठेवत नाहीत. ती कुंपणापाशी पडली होती अन् करीम पिंजारी भेटायले आला. त्यानं आधी गादीवर हात ठेवला, मग माझ्यापाशी बसला.

"ही मीच भरली होती भाऊ."

"हाव."

"वैनीले सबन मालूम होतं."

मले वाटलं तो कापसाचं म्हणते. म्हटलं, "दहिवराचं तिले माहीतच होतं. तिनंच मना केलं होतं."

"दहिवराचं नाई. भुरीचं." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या रोज मी बाजारात होतो, रद्दी कापूस घ्याले आलतो. तुमाले पाह्यलं. भुरे, भुरे करत बंड्याखाली वाकून राहिलते. गादी भराले आलो तवा वैनीनं इचारलं, करीमभाऊ, तुमी अमरावतीले होते का? आता मले ना तुमच्या बोलीत झूट बोलता येत, ना आमच्या. मी सांगून टाकलं."

"मंग?"

"वैनी म्हने, धुंडत होते ना? मी म्हटलं, धुंडत होते. रडकुंडीले आलते. मंग म्हने, मले समजलं म्हून त्यायले सांगू नोका. ते सांगतीन. मी वाट पाहीन."

करीम गेल्यावर मी एकेकाचा हिशोब लावला. शेरूनं एका दुपारी माफ केलं, भुरीनं वर्षभरानं, अन् तुझ्याबद्दल मले वाटत होतं की तुले माफ करायसारखं काही माहीतच नाही. तू तर पहिल्या हप्त्यापासून हात जमिनीवर टाकून बसली होती. भुरीसारखं फाटकं जनावर खांबापासून माझ्या हातापर्यंत येऊ शकलं, मी तुझ्यापर्यंत नाही आलो. एकाच गादीवर झोपून नाही आलो.

तूही काही कमी नव्हती. एकदा तोंडावर विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? मी चिडलो असतो, भांडलो असतो, पण सांगून टाकलं असतं. असं लिहिलं खरं, पण पुन्हा वाचलं तर खोटं वाटते. नसतंच सांगितलं. अन् तुले ते माहीत होतं. जबरदस्तीनं काढलेलं तुले नको होतं.

तर ऐक. भुरी कुठं गेली नव्हती, मी तिले पोत्यात घालून नेलं अन् बाजारापाशी सोडलं. तिचा काही गुन्हा नव्हता, कापूस माझ्या हातानं नासला. ती दोन पिल्लं माझ्यापायी मेली. मी तुले दारात खोटं बोललो, अन् त्यानंतर रोज गप्प राहून तेच बोलत राहिलो. माझं चुकलं, गिरजा.

एवढंच होतं. एवढ्याले मले सात वर्षं लागली.